खेचराच्या आईचा खूर

एका जंगलात आजारी पडायची फार उत्तम सोय होती. सोय इतकी मोठी होती, की आजारी पडलेल्याला ती आधी समजून घ्यावी लागे. समजून घेता घेता काही जण आपोआप बरे होत. काही जण होत नसत, पण ते तक्रार करायला परत येत नसत. त्यामुळे ही सोय सगळ्यांना आवडते, असा राजाचा समज होता.

मुलांनो, सरळ बसा आणि नीट ऐका, कारण पुढे हे लागणार आहे.

त्या जंगलात कपाळावर टिळा असल्याशिवाय वैद्य कोणाला हात लावत नसे. टिळे तीन रंगांचे. तांबडा टिळा सैन्यातल्या घोड्यांना आणि त्यांच्या घरच्यांना. करडा टिळा ओझी वाहणाऱ्या गाढवांना आणि त्यांच्या घरच्यांना. आणि ज्यांना यातला कुठलाच नाही, त्या साऱ्या गोरगरीब प्राण्यांना पांढरा. म्हणजे जंगलात टिळ्यावाचून कोणी राहणे शक्यच नव्हते. तशी राजाने दवंडीच पिटली होती.

दवंडी ऐकून चपळाबाई म्हणाली, "बरं झालं बाई."

चपळाबाई घोडी होती. जातिवंत. हे ती दिवसातून एकदा तरी कोणाला तरी ऐकवायची. ओढ्याकाठी ती आपल्या मुलाबरोबर राहत होती. मुलाचे नाव तुळाजी. तो मात्र घोडा नव्हता. तो खेचर होता, कारण त्याचा बाप गाढव होता. बाप वारून बरीच वर्षे झाली होती, पण त्या लग्नाबद्दल ओढ्याकाठी अजून कुजबुज चाले.

"प्रेम होतं," चपळाबाई म्हणायची. "गाढवपणा होता, पण प्रेम होतं."

तुळाजी राजाच्या सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला होता. खिंडीवर लढणाऱ्या वानरांच्या पलटणीला खालून धोंडे नेऊन द्यायचे, हे त्याचे काम. तो धोंडे वाही, वानर ते फेकत, शत्रू पळे, आणि हार घोड्यांच्या गळ्यात पडत, कारण मिरवणुकीत घोडे शोभून दिसतात. तुळाजीला त्याचे काही वाटत नसे. चपळाबाईला वाटायचे. पण ती ते बोलून दाखवायची नाही. तेवढी एकच गोष्ट ती बोलून दाखवायची नाही.

एके सकाळी चपळाबाईने पुढचा उजवा पाय उचलून धरला, तो खाली टेकवेचना.

"काय झालं गं आई?"

"काही नाही रे. खडा बोचला असेल."

खडा नव्हता. संध्याकाळपर्यंत खूर तापला. मग घोटा सुजला. मग पाय टेकवला, की डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. घोडी तीन पायांवर फार काळ तग धरत नाही, आणि एकदा बसली की पुन्हा उठेलच असे नसते. तुळाजीने सैन्यात हे पाहिले होते. त्याने ते आईला सांगितले नाही. चपळाबाईला ते जन्मापासून ठाऊक होते. तिनेही त्याला सांगितले नाही. दोघे हवापाण्याच्या गप्पा मारत वैद्याकडे निघाले.

वैद्य म्हणजे साळिंदर. त्याच्या अंगावरच सुया असल्याने त्याला वेगळे शिकावे लागले नव्हते, असे लोक म्हणत. पण हात चांगला होता. त्याने गुहेच्या दारातूनच चपळाबाईचा खूर पाहिला.

"आत पू धरलाय," तो म्हणाला. "तळव्याला टोचून वाट करून दिली, की लगेच मोकळा होईल. एक विडा चघळून होईस्तोवरचं काम."

"मग करा की, वैद्यबुवा!" चपळाबाईने पाय पुढे केला.

साळिंदराने तिच्या कपाळाकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"टिळा नाही, मावशी. मागे एका बैलाच्या डोळ्यातलं कुसळ मी असंच काढलं होतं. बिनटिळ्याचं. राजाच्या माणसांनी उन्हाळाभर माझी गुहा बंद ठेवली. तुम्ही टिळा लावून या. आंघोळीला बसलो असेन तर तसाच ओला उठेन. तोवर कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवा. एवढं सांगायला टिळा लागत नाही."

"आणि टिळा नाहीच मिळाला तर?"

तुळाजी आभाळाकडे पाहायला लागला. आभाळात काही नव्हते.

टिळ्यांची माहिती देण्यासाठी राजाने तळ्यावर एक मार्गदर्शन केंद्र काढले होते. तिथे बगळेसाहेब असत. पांढरेशुभ्र, मृदू बोलणारे. त्यांना तिन्ही टिळ्यांचे सगळे नियम तोंडपाठ होते आणि त्यांनी आजवर कोणावरही आवाज चढवला नव्हता.

"या, या! आपल्या सेवेसाठी आम्ही एका पायावर उभे आहोत," ते म्हणाले. आणि खरेच होते.

"मी तीन पायांवर उभी आहे," चपळाबाई म्हणाली. "म्हणून आधी माझं बघा."

बगळेसाहेबांनी कौतुकाने मान हलवली. "तुमच्यापुढे एक नाही, तीन पर्याय आहेत, बाई. भाग्यवान आहात. आधी तांबडा. चिरंजीव सैन्यात होते?"

"उभा जन्म."

"उत्तम! तांबडा टिळा सैनिकाच्या आईला मिळतोच. मात्र सैनिक घोडा हवा. आणि घोडा म्हणजे ज्याचे आई आणि बाप दोघेही घोडे."

"अहो, पण मी घोडी आहे ना! जातिवंत!"

"आहातच. पण तुम्ही सैनिक नाही. हे सैनिक आहेत, पण घोडा नाहीत." बगळेसाहेब हळहळले. "खरं म्हणजे तुम्ही दोघं मिळून एक अख्खा लाभार्थी होता. पण नियमात बेरीज बसत नाही."

तुळाजी म्हणाला, "साहेब, भरती करताना माझे आईबाप कोणी विचारले नव्हते. पाठ बघितली होती."

"तो विभाग वेगळा," बगळेसाहेब म्हणाले. "निराश होऊ नका. पांढरा टिळा बघू. तो तर सगळ्यांना आहे."

"मग लावा," चपळाबाईने कपाळ पुढे केले.

"सैनिकांच्या घरच्यांना तेवढा नाही. त्यांच्यासाठी त्याहून चांगली सोय आहे ना."

"कोणती?"

"तांबडी."

चपळाबाईने शेपटीने एक माशी मारली. तिच्या मनात बगळ्याचेच आले होते, पण माशी जवळ होती.

"राहता राहिला करडा," बगळेसाहेब म्हणाले. "यजमान गाढव होते, असं कानावर आहे. गाढवाच्या विधवेला करडा टिळा लागू आहे. फक्त ती सासरी नांदत असली पाहिजे. तुम्ही गाढवांच्या वाड्यावर जाऊन त्यांच्या मुखियाला भेटा. आणखी काही शंका?"

शंका नव्हती. सगळे स्वच्छ समजले होते. पाय मात्र तेवढाच दुखत होता.

गाढवांचा वाडा टेकडीपलीकडे होता. धडधाकट जनावराला ती टेकडी म्हणजे काहीच नाही. चपळाबाईला ती चढायला सकाळची दुपार झाली. मध्ये दोनदा ती थांबली. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा तिच्या मागच्या पायांना कापरे भरले, आणि तुळाजी न बोलता तिच्या कुशीला आपली कुशी लावून उभा राहिला. ती त्याच्यावर रेलली. इतक्या वर्षांत ती कोणावर रेलली नव्हती. आपले पोर किती थकले आहे, हेही तिला तेव्हाच कळले. त्याची पाठ मध्ये खचली होती. धोंड्यांनी तिथे खळगाच पाडला होता.

मुखिया म्हणजे चपळाबाईचा चुलतदीर निघाला. त्याने तिला लांबूनच ओळखले.

"या वहिनी. लग्नानंतर आज पाय लागले तुमचे. आणि तेही तीनच."

"भाऊजी, टोमणा नंतर मारा. करड्या टिळ्यासाठी माझं नाव सांगा. मी तुमच्या घराण्याची सून आहे."

"आता सून! तेव्हा म्हणाला होतात, माझ्याच्यानं उकिरड्यावर लोळवणार नाही."

"म्हणाले होते," चपळाबाई म्हणाली. "आता लोळते. कुठे लोळू?"

हे ऐकून तुळाजीने मान फिरवली. मुखियाही जरा वरमला. गाढव झाला तरी माणुसकी होती त्याला. तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, माझ्या हातात असतं तर आत्ता लावला असता. पण पोरगा सैन्यात गेला ना. सैन्यातलं कोणी घरात असलं, की अख्खं घर आमच्याकडून वजा. तांबड्यात जातं ते."

"तांबडे म्हणतात, खेचर आमचं नाही."

"हो. आम्हीही तेच म्हणतो."

दोघे तिथून परतले. ओढ्याशी आल्यावर ती एका आंब्याच्या बुंध्याला टेकून उभी राहिली. बसायचे नाही, एवढे तिने ठरवले होते. तुळाजी कोमट पाणी आणि मीठ आणत राहिला. पाण्याने बरे वाटे, पण ते पाणी गार होईपर्यंतच.

आणि मग, मुलांनो, त्या दुर्दैवी जंगलावर एक मोठे संकट आले. चपळाबाईचे नशीबच म्हणा.

खिंडीपलीकडच्या डोंगरातले लांडगे चालून आले. नगारा वाजला. घोडे मिरवणुकीच्या तयारीला लागले. वानर खिंडीवर पोहोचले आणि त्यांच्या लक्षात आले, की फेकायला धोंडेच नाहीत.

सेनापती गवा स्वतः धावत ओढ्याकाठी आला. धापा टाकत होता.

"तुळाजीराव! चला! खेचरं कमी पडतायत!"

"मी निवृत्त आहे, सरकार."

"राज्याचा घोडा कधी निवृत्त होतो का?"

"मी घोडा नाही."

"कोण म्हणतं?" सेनापती खवळला. "युद्धात जो पाठीवर ओझं घेतो, तो घोडा! नियमच आहे तसा!"

"तुळ्या, नको जाऊ," चपळाबाई बुंध्याजवळून म्हणाली. "तुझी पाठ आता ओझ्याची राहिलेली नाही."

तुळाजीने आईकडे पाहिले. मग सेनापतीकडे पाहिले. सैन्यातल्या साऱ्या आयुष्यात त्याने सेनापतीला एकही अट घातली नव्हती. आता घातली.

"आधी आईचा पाय. मग धोंडे."

सेनापतीने बगळेसाहेबांना बोलावणे धाडले. बगळेसाहेब दोन्ही पाय वापरत आले. त्यांनी चपळाबाईच्या कपाळावर तांबडा टिळा ओढला आणि त्यांना एकही नियम आठवला नाही. साळिंदर अर्धवट आंघोळीतून उठून आला. त्याने एक काटा निवडला, खुराच्या तळव्याला हलकेच टोचला, आणि काळा पू भळभळ वाहू लागला. चपळाबाईने डोळे मिटले. कळ अशी गेली, की जणू कोणी तिच्या पायावरून डोंगर उचलला.

तिने डोळे उघडले, तेव्हा तो डोंगर तुळाजीच्या पाठीवर होता. तो धोंडे घेऊन खिंडीच्या वाटेला लागला होता. ती त्याच्यामागे चार पावले चालली. पाय तर बरा झाला होता.

लढाई फार चालली नाही. धोंडे पोहोचले, वानरांनी फेकले, लांडगे पळाले. घोड्यांच्या गळ्यात हार पडले.

तुळाजीला चार वानरांनी फांद्यांवर घालून घरी आणले. शेवटच्या खेपेला त्याची पाठ कडाडली होती. त्याला उठता येईना. कूस बदलायची तरी तो कण्हायचा, आणि आई जवळ आली, की कण्हणे थांबवायचा.

पाठोपाठ बगळेसाहेब आले.

"अभिनंदन!" ते म्हणाले. "शांतता प्रस्थापित झाली." आणि आपल्या मऊ पंखाने त्यांनी चपळाबाईचा टिळा पुसला.

"अहो, याच्या पाठीचं काय? तुमच्याच लढाईत गेली!"

"घोड्याची पाठ गेली असती तर प्रश्नच नव्हता," बगळेसाहेब हळहळले. "युद्धकाळात ते घोडा होते, हे मान्य. पण उपचार आता, शांततेत मागताय. शांततेत ते खेचर आहेत. तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत..."

चपळाबाईने त्यांना पुढे बोलू दिले नाही. तिने मागचे पाय वळवले. बगळेसाहेब मार्गदर्शन अर्धवट टाकून उडाले.

साळिंदर सांगून गेला होता, की सुया टोचून आणि पाल्याचा शेक देऊन तुळाजी उभा राहील, पण फार उशीर करून चालणार नाही. मग तोही टिळ्याचे बोलला, आणि बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले. पाण्याचा उपयोग नव्हता. मिठाचाही नव्हता.

चपळाबाईने एक सकाळभर विचार केला. मग तिने तुळाजीपुढे गवत टाकले, पाणी ठेवले आणि बऱ्या झालेल्या चारी पायांनी ती खिंड चढून वर गेली. पलीकडे लांडग्यांचा मुलूख पसरला होता. तिने घसा खाकरला.

"अरे ए लांडग्यांनो!" ती ओरडली. "भेकडांनो! शेपूटघाल्यांनो! पळालात ना? या की परत! हिंमत असेल तर आत्ता या!"

मग एका खडकामागून एक म्हातारी लांडगीण बाहेर आली.

"कशाला ओरडताय हो बाई? कान बरे आहेत माझे."

"हल्ला करा आमच्यावर!" चपळाबाई म्हणाली. "तुम्हाला लाज आहे की नाही?"

"अय्या!" लांडगीण म्हणाली. "मी तुम्हाला तेच सांगायला आले होते. तुम्ही या ना आमच्यावर. दोन दिवस झाले, वाट बघत्येय."

"तुमच्या घरी कोण?" चपळाबाईने विचारले.

"मालक. लढाईत दात गेले सगळे. तुमच्याकडचाच कुठला तरी धोंडा बसला."

चपळाबाई जरा अवघडली. "धोंडे आमचा तुळाजी नेतो. फेकत नाही तो."

"राग नाही हो माझा. तुमचंही कोणी पडलं असेलच. पण वैद्य म्हणतो, लांडग्याचे दात हे हत्यार, शस्त्रागारात जा. शस्त्रागार म्हणतं, तोंडातली वस्तू, वैद्याकडे जा. मालक पेज पिऊन आहेत. लांडगा, आणि पेज! नगारा वाजला, की मात्र दोघंही धावत येतात."

"आमच्याकडेही तसंच," चपळाबाई म्हणाली.

"सगळीकडे तसंच असतं, बाई."

खिंडीत वारा सुटला होता. दोघी एका खडकाच्या आडोशाला बसल्या. म्हणजे लांडगीण बसली. चपळाबाई सवयीने उभीच राहिली.

"परवा सकाळी जमेल?" लांडगिणीने विचारले.

"जमेल. तुम्ही किती जणी?"

"मी एकटीच. पण डोंगरात आवाज घुमतो. शंभर वाटतील."

"मी चार धोंडे लाथाडून देईन खाली. ओरडेनही."

"मघाच्यासारखं ओरडा. छान ओरडता."

परवा सकाळी खिंडीत इतका भयंकर गदारोळ झाला, की दोन्ही राज्यांचे नगारे एकदमच वाजले. सेनापती गवा धापा टाकत ओढ्याकाठी आला.

"तुळाजीराव! चला! तुम्ही तर घोडेच!"

"घोडा पडलाय, सरकार," तुळाजी पडल्या पडल्या म्हणाला. "आधी उभा करा."

तांबडा टिळा लागला. साळिंदर धावत आला. त्याने सुया टोचल्या, शेक दिला, पुन्हा सुया टोचल्या. या वेळी त्याने मुद्दामच सावकाश, जीव ओतून काम केले. दुपार कलली तसा तुळाजी थरथरत उठला. एक पाय, मग दुसरा, मग सगळेच. तो उभा राहिला आणि त्याने खोल श्वास घेतला. तेवढ्यात वर्दी आली, की शत्रू घाबरून पळाला. धोंडे वाहायची वेळच आली नाही.

दोन्ही राजांनी विजय साजरा केला. घोड्यांच्या गळ्यात हार पडले. राज्याची आरोग्यसेवा किती तत्पर आहे, यावर बगळेसाहेबांचे भाषण झाले.

थोड्या दिवसांनी चपळाबाई खिंडीवर गेली. पलीकडून लांडगीण आलीच.

"काय म्हणतात मालक?"

"नवे दात बसले. कालच हाड फोडलं हो त्यांनी! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आणि तुमचा मुलगा?"

"चालतो. ओझं मात्र आता आयुष्यात घेणार नाही म्हणतो."

"छान झालं." लांडगीण जरा घुटमळली. "एक विचारू? माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय. पावसाळा संपला, की एक लहानसं युद्ध जमेल का?"

"न जमायला काय झालं?" चपळाबाई म्हणाली. "तोवर माझे गुडघेही बोलायला लागतील."

तात्पर्य: मित्रांशी कसेही वागले तरी चालते, पण शत्रूशी संबंध चांगले ठेवावेत. आपल्या तब्येतीची काळजी शेवटी त्यालाच असते.